बिनखर्चाचे घरगुती खेळ सुचवा, मदत हवी आहे

घरात आम्ही पाच जण: सासूबाई, आम्ही दोघं, 14 वर्षांची मुलगी आणि 6 वर्षांचा मुलगा. सुट्टीला बाहेर पडलं की खिशाला चाट, म्हणून आता घरीच काहीतरी करायचं ठरवलंय.

परवा दिवे गेले तेव्हा टॉर्चपुढे हात धरून भिंतीवर सावल्यांचे प्राणी केले. हात टॉर्चजवळ नेला की ससा थेट छताला टेकायचा! लेकसुद्धा मोबाईल ठेवून आली (हे नवलच). पण पत्ते काढले की धाकटा हरतो आणि 52 पानं घरभर उधळतो.

कोणी एकटं हरणार नाही, सासूबाईंच्या गुडघ्यांना उठबस नको आणि लेकीला 'बालिश' वाटणार नाही, असं काही आहे का? तुमच्याकडे काय चालतं?