सेकंडहँड दीडशे सीसी: बॅटरी उतरते, ब्रेक दाबला की मिसिंग, इंडिकेटर चारही लागतात

एमएच११_फिरस्ता
नमस्कार मंडळी. २०१३ची दीडशे सीसी बाइक, कार्ब्युरेटरवाली, दिवाळीच्या आधी साताऱ्यातच घेतली. इंजिन एकदम गोड, आवाज नाही धूर नाही, पण इलेक्ट्रिकलने पार डोकं उठवलंय. शनिवारी रात्री उभी केली की सोमवारी सकाळी सेल्फ नुसता टक टक करतो. रात्री हेडलाइट चालू असताना ब्रेक दाबला की मीटरचा लाइट मंद होतो आणि इंजिन मिसिंग मारतं (अडखळतं), ब्रेक सोडला की परत नॉर्मल. डावा इंडिकेटर दिला तर चारही लुकलुकतात, उजवा दिला तरी तेच. आणि यू टर्नला हँडल पूर्ण डावीकडे गेलं की कधी कधी मीटर क्षणभर बंदच पडतो.

गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलायला लावली, मग आरआर युनिट (कॉइलची वीज बॅटरीला साजेशी करणारं रेग्युलेटर-रेक्टिफायर), आता म्हणतो सीडीआय (स्पार्क प्लगची ठिणगी सोडणारा डबा) टाकून बघू. फरक शून्य. आधीच्या मालकाने एलईडी हेडलाइट, एलईडी इंडिकेटर, दोन मोठे हॉर्न असं बरंच काही बसवलंय, वर फ्रेमला काळा रंगही मारून घेतलाय. सीट काढली तर खाली टेपचं एवढं मोठं गाठोडं, हात लावला की बोटं चिकट. मल्टीमीटर आहे, बऱ्यापैकी वापरता येतो. सुरुवात कुठून करू?

घाटातला_गण्या
भावा अख्खं वायरिंग नवीन टाक आणि मोकळा हो. नाहीतर चालू गाडीत बॅटरीची मायनस काढून बघ, बंद पडली तर कॉइल (इंजिनातली वीज बनवणारी) गेली समज.

जुना_वायरमन
गण्या, ते चालू गाडीत बॅटरी काढायचं कुणाला सांगू नकोस रे. बॅटरी आहे म्हणून व्होल्टेज आवाक्यात राहतं, ती काढली आणि ॲक्सिलरेटर दिला की व्होल्टेज वर उसळतं, मग बल्ब, सीडीआय, नवीन टाकलेला आरआर, काहीही जाऊ शकतं. आणि नवीन वायरिंगचं म्हणशील तर मूळ वायरिंगला धाड भरलेली नसते बहुतेक वेळा, वरून जे डकवलंय तेच छळतं.

फिरस्ता, तू चार लक्षणं एकत्र लिहिलीस म्हणून गॅरेजवाला एकच रोग शोधतोय. मला यात किमान तीन वेगवेगळे दिसतात. ब्रेक दाबल्यावर मंद होणं म्हणजे जवळपास नक्की अर्थिंग, करंटचा बॅटरीच्या मायनसकडे परतीचा रस्ता खराब. ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा, पावणेदोन अँपिअर ओढतो, तेवढ्याने चांगल्या गाडीत काही होत नाही. फ्रेम रंगवली म्हणतोस ना, मग टाकीखाली जिथे हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) अर्थ बोल्टने फ्रेमला धरलेली असते तिथे रंगावरच कसली असणार. बघायचं कसं, तर मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, काळा प्रोब बॅटरीच्या मायनसला, लाल प्रोब त्या अर्थच्या रिंगला, चावी ऑन, हेडलाइट लाव, ब्रेक दाब. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर माझं चुकलं. एक व्होल्टच्या वर गेलं तर तिथेच पॉलिश पेपर घेऊन बस. कंटिन्युटीचा (वायर जोडलेली आहे का बघायचा) बीप बघून फसू नकोस, वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी बीप वाजतो पण लोड आला की तो धागा काय करणार.

बॅटरी उतरण्याचं वेगळं बघ. चावी बंद, मायनस काढ, मल्टीमीटर १० अँपिअरच्या भोकात लावून मायनस वायर आणि टर्मिनलच्या मधे जोड. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जाईल. डिजिटल घड्याळवाल्या गाडीत काही मिलिअँपिअर ठीक. त्याच्या पलीकडे असेल तर एकेक कपलर (वायरी जोडणारा प्लग) सुटा करत जा आणि आकडा कधी पडतो ते बघ.

चारही इंडिकेटर लागतात तो बिघाड नाहीच. मीटरमधला इंडिकेटरचा दिवा एकच असला की तो डाव्या आणि उजव्या वायरच्या मधे जोडलेला असतो, एका बाजूचा करंट त्यातून दुसऱ्या बाजूच्या बल्बमधून अर्थ होतो. साध्या १० वॅटच्या बल्बला तेवढा करंट दिसतही नाही, एलईडी मात्र तेवढ्यावर पेटते. दोन १एन४००७ डायोड घे, काही रुपयांचं काम. दोन्ही बाजूंची वायर एकेका डायोडमधून त्या दिव्याच्या एका टोकाला, दुसरं टोक अर्थ. डायोडची पट्टीवाली बाजू दिव्याकडे.

पावसाळी_पंक्चर
मधेच घुसतोय, सॉरी. माझ्या गाडीचा मेन फ्यूज लावला की लगेच उडतो, चावी बंद असतानाही. आधीच्याने तिथे सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून ठेवली होती 😂

जुना_वायरमन
हसू नकोस, ती चांदी काढल्यामुळे तुझी गाडी पेटायची वाचली. फ्यूज वाया घालवू नकोस, फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा किंवा ब्रेकचा साधा बल्ब दोन वायरी लावून जोड. शॉर्ट असेल तोवर बल्ब लख्ख पेटलेला राहील आणि वायर जळणार नाही. मग एकेक कपलर काढ, हार्नेस हलव, बल्ब मंद झाला किंवा विझला की जागा सापडली. टाकीच्या पुढच्या माउंटिंगखाली आणि सीटच्या लॉकजवळ आधी बघ, तिथे वायर चेपलेल्या असतात.

एमएच११_फिरस्ता
अपडेट. दादा, अर्थला १.९ व्होल्ट आले! रिंग काढली तर खाली रंगाचा जाड थर आणि रिंगच्या मानेशी तांब्यावर हिरवा गंज. घासून, नवीन रिंग क्रिंप करून (वायरवर दाबून बसवून) लावली, आता ०.०६. ब्रेकवर मंद होणं, मिसिंग दोन्ही गेलं. सीडीआयचे पैसे वाचले.

ड्रेन (चावी बंद असताना ओढला जाणारा करंट) १५० मिलिअँपिअर होता. एकेक सोडत गेलो तर हॉर्नच्या रिलेवर (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आकडा पडला, आणि गंमत म्हणजे गाडी रात्रभर उभी असून तो रिले हाताला कोमट लागत होता. रिलेची ८६ नंबरची पिन थेट बॅटरीला, ८५ थेट चॅसिसला, म्हणजे रिले कायम ओढलेला, आणि हॉर्नचं बटण पुढे हॉर्नची अर्थ तोडतंय. हॉर्न मस्त वाजायचा म्हणून कुणाला संशय आला नसणार.

घाटातला_गण्या
५ एएचची (अँपिअर-तास) बॅटरी असेल तर १५० मिलिअँपिअरने तेहतीस तासांत झोपली. तुझा शनिवार ते सोमवार बरोबर बसला की.

जुना_वायरमन
बरोबर. ८५ हॉर्नच्या बटणाला घे, ८६ ला चावीनंतरची वायर दे, आणि ८७ वरून हॉर्नला वायर जाते, त्या हॉर्नची दुसरी वायर सरळ अर्थ कर. ३० ला बॅटरीवरून येणाऱ्या वायरीत बॅटरीजवळच फ्यूज टाक, तिथे नसणार याची मला खात्री आहे.

एलईडी हेडलाइटचंही बघ. २०१७ आधीच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट कॉइलवरून थेट एसीवर चालायचा, बॅटरीचा त्याच्याशी संबंध नसायचा. आधीच्या मालकानं तो बॅटरीवर ओढला असेल तर चार्जिंग पुरतंय का ते मोज: हेडलाइट लावून चार हजार आरपीएमला बॅटरीवर साडेतेराच्या आसपास यायला हवेत.

एमएच११_फिरस्ता
लाइट बंद १४.१, लाइट लावून १२.८. म्हणजे रोज रात्री थोडी थोडी उतरतच होती. सध्या कमी वॅटचा टाकतो. हँडलचं राहिलंय अजून.

जुना_वायरमन
हँडलचं सोपं आहे. चावी ऑन ठेव, हँडल डावीकडे धरून मानेजवळचा हार्नेस बोटांनी दाबत दाबत ये. गाडीचा मीटर जिथे लुकलुकेल तिथेच टेप सोल. वायर वरून धडधाकट दिसेल, हलक्या हाताने ओढून बघ, आतून तुटलेली असली तर रबरासारखी लांब होते. नवीन तुकडा जोडताना थोडी ढील ठेव आणि हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) घाल, परत तो काळा टेप नको. आणि हार्नेस मूळ क्लिपमधूनच ने, आधीच्या मालकानं केबल टाय ओढून बांधला असेल तर तो आधी काप.