क्लोरीन टोनर (द्रव क्लोरीनची मोठी आडवी टाकी) गळला तर पाणी मारायचं का? आणि शेजारच्या शाळेचं काय?

पंपहाऊस
नगरपालिकेचं जलशुद्धीकरण केंद्र. 900 किलोचे दोन टोनर, एक चालू, एक राखीव. कुंपणाला लागूनच शाळा. वास आला की ऑपरेटर आधी पाण्याचा पाइप धरतात. दुसरा गट म्हणतो, टोनर सरळ क्लोरीन शोषणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाच्या खड्ड्यात ढकला. कॅनिस्टरचे (वायू गाळणाऱ्या डब्याचे) दोन मास्क आहेत. नेमका क्रम काय ठेवावा?

क्लोरअल्कली
गळतीवर पाणी अजिबात नको. ओला क्लोरीन म्हणजे आम्ल. ते धातू खातं आणि भोक वाढतच जातं. शिवाय पाण्याची ऊब मिळून द्रव जास्त उकळतो.

कॅनिस्टर मास्क पळून बाहेर पडण्यापुरता. आत जायचं तर पाठीवर हवेची बाटली असलेला संच, आणि जोडीनेच. वारा पाठीवर घ्या. काठीला कापड गुंडाळून अमोनियाच्या द्रावणात बुडवा आणि सांध्यांजवळ फिरवा. पांढरा धूर दिसला की जागा सापडली. कापड पितळेला टेकवू नका, अमोनिया पितळ खातो.

ग्लँडमधून (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतालच्या सीलमधून) येत असेल तर पॅकिंग नट हलकेच आवळा. थांबलं नाही तर व्हॉल्व्ह बंद. योकपाशी (व्हॉल्व्हला नळी जोडणाऱ्या पकडीपाशी) असेल तर व्हॉल्व्ह बंद करून नवा लेड (शिशाचा) वॉशर. तोच वॉशर पुन्हा बसवायची काटकसर निम्म्या कटकटींचं मूळ आहे.

व्हॉल्व्हच्या बुडातून किंवा फ्युजिबल प्लगमधून (उष्णतेने वितळणाऱ्या सुरक्षा-बुचातून) गळत असेल तर टोनर रोलरवर फिरवून गळती वरच्या बाजूला आणा. खाली द्रव असतो, वर वायू. एक लिटर द्रवाचा साडेचारशे लिटरच्या आसपास वायू होतो, त्यामुळे एवढ्या एका फिरवण्याने गळती कितीतरी पटींनी घटते. मग इमर्जन्सी किटचं हुड, म्हणजे गळतीवर घट्ट बसवायचं झाकण. आणि टोनरवर बर्फ धरला म्हणून गरम पाणी ओतू नका, ते प्लग 70 अंशांच्या पुढे वितळतात.

पंपहाऊस
आणि खड्डा?

क्लोरअल्कली
टोनर खड्ड्यात नको, वायू खड्ड्यात न्या. रिकामा होत आलेला टोनर तरंगतो, आणि बुडाला तरी बाहेरून गंजतो. व्हॉल्व्हला होज जोडून वायू खड्ड्यातल्या द्रावणात जाऊ द्या. जोर कमी झाला की द्रावण उलटं टोनरमध्ये ओढलं जातं, म्हणून शेवटी होजवर लक्ष ठेवा.

हिशेब असा: 1 किलो क्लोरीनला 1.13 किलो कॉस्टिक सोडा. 900 किलोला 1017. जादा धरून 1250 किलो ठेवा, 20 टक्क्यांच्या आतल्या द्रावणात. कॉस्टिक संपल्यावरही क्लोरीन येत राहिला तर शोषलेला वायू परत सुटू लागतो. त्या खड्ड्यात आम्ल पडू देऊ नका, मग तर सगळाच बाहेर येईल.

छातीविकार
शाळेबद्दल. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, तो जमिनीलगत सरकतो. आगीच्या कवायतीत शिकवलेलं ‘खाली वाका’ इथे उलटं पडतं. मुलं वरच्या मजल्यावर, खिडक्या बंद, एक्झॉस्ट पंखे बंद. मैदानावर असतील तर वाऱ्याला आडवं चालत बाहेर काढा.

ओला रुमाल चालेल, पण तो शोधत थांबू नका. डोळे चुरचुरले तर 15 मिनिटं साध्या पाण्याने धुवा, कपडे बदला. क्लोरीनवर उतारा नाही; ऑक्सिजन आणि श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाची नेब्युलायझरमधून वाफ, हाच उपचार. खोकला थांबला म्हणून लगेच घरी पाठवू नका, फुप्फुसात पाणी काही तासांनी भरू शकतं. दमा असलेल्या मुलांची यादी शाळेकडून आधीच घ्या.

सेफ्टीवाला
एक भर. धोकादायक रसायनांच्या 1989 च्या नियमांत क्लोरीनच्या साठ्याची खालची मर्यादा 10 टन आहे. तुमचा साठा 1.8 टन, म्हणून जिल्ह्याच्या आपत्कालीन आराखड्याच्या भरवशावर बसू नका. शाळेशी भोंग्याची खूण स्वतःच ठरवा. रिकाम्या टोनरवरही व्हॉल्व्ह हुड हवंच, आत वायू उरतो. मुंबईत शिवडीला जुलै 2010 मध्ये क्लोरीन गळून शंभराच्या वर लोक बाधित झाले, ते बंदराच्या आवारात वर्षानुवर्षं बेवारस पडलेल्या जुन्या सिलिंडरमुळे. तुमच्या आवारात मागे कुठे गंजका सिलिंडर पडलाय का, ते आधी बघा.