१४ व्होल्ट दिसले तरी डायोड तपासा

इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट आले की अल्टरनेटर (इंजिनावर फिरून गाडीसाठी वीज तयार करणारा भाग) ठीक, असं बरेचदा सांगितलं जातं. ब्रश (आतल्या फिरत्या कॉइलला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) आणि रेग्युलेटर (व्होल्टेज सांभाळणारा भाग) यांच्यापुरतं ते पटतं, पण डायोडचा, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाचा, बिघाड त्यात लपून राहतो. स्टेटरच्या (अल्टरनेटरच्या स्थिर भागाच्या) तीन वाइंडिंगमध्ये तयार होतो तो एसी (दिशा बदलत राहणारा करंट), आणि सहा डायोड मिळून त्याचा डीसी (एकाच दिशेचा करंट) करतात. त्यातला एखादा ओपन झाला, म्हणजे त्यातून करंट जाईनासा झाला, तरी लोड कमी असेपर्यंत रेग्युलेटर रोटरच्या (फिरत्या भागाच्या) कॉइलला जास्त करंट देऊन सरासरी व्होल्टेज सांभाळून घेतो. मग रात्री हेडलाइट, वायपर, एअर कंडिशनर एकदम लावले की बॅटरी उतरायला लागते आणि दोष बिचाऱ्या बॅटरीवर येतो.

डायोड बिघडला की डीसीमध्ये एसीचा अंश वाढतो, म्हणून मीटर एसी व्होल्टवर ठेवा, हेडलाइट आणि ब्लोअर चालू करा, इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास धरा आणि थेट बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. साधारण ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ०.५ च्या वर गेलं तर डायोड प्लेट (डायोड बसवलेली प्लेट) बघायलाच हवी. फक्त एक सांभाळा: काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसी अडवत नाहीत, त्यामुळे २८-३० असा आकडा दिसतो आणि मीटरच्या वायरी उलट्या लावल्या की शून्य. असं झालं तर आधी मीटर बदला, अल्टरनेटर उतरवू नका.