विषय: चर्चच्या आवारातील कबरीवर देवनागरी लेख – परवानगीबाबत विचारणा

प्रेषक: एक सभासद, वॉरिकशायर

सर्व सभासदांना सस्नेह नमस्कार.

माझ्या सासऱ्यांचे दफन गेल्या वर्षी इंग्लंडमधील आमच्या गावातील अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) चर्चच्या आवारात झाले. त्यांच्या कबरीवर काळ्या, पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटची शिळा बसवावी आणि तिच्यावर पवित्र शास्त्रातील एक वचन केवळ देवनागरीत कोरावे, अशी सासूबाईंची इच्छा आहे. पाथरवटाने अर्धी रक्कम आगाऊ मागितली आहे. मात्र अशा शिळेला परवानगी देणे आपल्या हातात नाही, असे चर्चचे धर्मगुरू, म्हणजे व्हिकर, म्हणतात. मग ही परवानगी स्थानिक कौन्सिलकडे (नगरपालिकेसारख्या संस्थेकडे) मागायची की आणखी कोणाकडे? आपल्यापैकी कोणी चर्चच्या कारभारात काम केले असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

ताई, नमस्कार.

आगाऊ रक्कम अद्याप देऊ नका, ही पहिली विनंती. मी आमच्या चर्चचा वॉर्डन म्हणून काम पाहतो आणि शिळा आधी तयार करून परवानगी नंतर मागणाऱ्या कुटुंबांचा मनस्ताप जवळून पाहिला आहे.

चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रत्येक धर्मप्रांताचे (बिशपच्या अखत्यारीतील विभागाचे) स्वतःचे न्यायालय असते. त्याला कन्सिस्टरी कोर्ट म्हणतात, त्याच्या न्यायाधीशाला चान्सलर, आणि त्याने दिलेल्या परवानगीला फॅकल्टी. चर्चची इमारत आणि आवार यांतील बहुतेक कामे या न्यायालयाच्या अखत्यारीत येतात. किरकोळ कामांच्या दोन याद्या आहेत: पहिल्या यादीतील कामांना परवानगी लागत नाही, तर दुसरीतील कामांना आर्चडीकन या वरिष्ठ धर्मगुरूंची लेखी संमती पुरते. चर्चच्या वारसा इमारतींना कौन्सिलच्या वारसाविषयक संमतीतून सूट मिळते, ती चर्चची स्वतःची तपासणी तितकीच काटेकोर असते म्हणूनच. बाहेरून बांधकाम वाढवायचे असेल, तर नियोजन परवानगी मात्र कौन्सिलकडूनच घ्यावी लागते. तुमच्या शिळेसाठी तो प्रश्न येत नाही.

शिळांसाठी प्रत्येक धर्मप्रांताचा चान्सलर नियमावली काढतो आणि तिच्यात बसणाऱ्या शिळेला मंजुरी देण्याचा अधिकार व्हिकरकडे सोपवतो. नियमावलीबाहेरची शिळा व्हिकरना कितीही आवडली तरी ते ती मंजूर करू शकत नाहीत. त्यामुळे तुमचे व्हिकर तुम्हाला टाळत आहेत असे कृपया समजू नका. पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट, छायाचित्र आणि कबरीभोवतीची दगडी चौकट या गोष्टी अनेक धर्मप्रांतांत नियमाबाहेर असतात. मला विचाराल तर काळ्या ग्रॅनाइटचा आग्रह सोडावा आणि सारी शक्ती देवनागरीसाठी राखावी. स्लेटच्या दगडावर शिरोरेखा आणि वेलांट्या फार रेखीव उठतात. मऊ वालुकाश्मावर त्या काही वर्षांतच झिजू लागतात. पाथरवटाकडून पूर्ण आकाराचा आराखडा अवश्य घ्या आणि प्रत्येक जोडाक्षर स्वतः तपासा, कारण मराठी न जाणणाऱ्याच्या संगणकावर ती तुटतात आणि त्याच्या ते लक्षात येत नाही.

भाषेच्या बाबतीत आपल्याला आधार देणारा निकाल कॉव्हेंट्रीजवळच्या एक्सहॉल येथील सेंट जाइल्स चर्चचा आहे. एका आयरिश कुटुंबाला आईच्या शिळेवर ‘सदैव आमच्या हृदयात’ या अर्थाचे शब्द केवळ आयरिश भाषेत कोरायचे होते. इंग्रजी भाषांतर सोबत नसेल, तर वाचणाऱ्याला ते राजकीय विधान वाटू शकेल, असे म्हणून चान्सलरने 2020 मध्ये भाषांतराविना परवानगी नाकारली. कुटुंबाने कोर्ट ऑफ आर्चेस या वरिष्ठ चर्च न्यायालयात अपील केले आणि 2021 मध्ये भाषांतराविना लेख कोरण्याची मुभा मिळवली. आपली भाषा सोबत इंग्रजी नसतानाही त्या आवारात उभी राहू शकते, हे त्या कुटुंबाने धीराने लढून दाखवले, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो. तरीही वचनाचा इंग्रजी अर्थ अर्जासोबत जरूर द्या. चान्सलरला आपण काय मंजूर करत आहोत हे कळायलाच हवे.

अर्ज ऑनलाइन करता येतो. त्याआधी धर्मप्रांताच्या सल्लागार समितीचे मत मागवले जाते, चर्चच्या परिषदेलाही विचारले जाते, आणि साधारणपणे 28 दिवस जाहीर सूचना लावून हरकती मागवल्या जातात. खासगी अर्जाचे शुल्क कुटुंबाला भरावे लागते. परवानगीविना शिळा बसवली, तर ती काढण्याचा आदेश निघू शकतो.

प्रेषक: एक सभासद, वॉरिकशायर

दादा, आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. सासूबाई स्लेटला राजी झाल्या आहेत. शेजारची जागा त्यांच्यासाठी राखता येईल का? आणि पुढे कधी दोघांचे अवशेष नगरला न्यायचे ठरले, तर ते शक्य आहे का?

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

जागा राखण्यासाठीही फॅकल्टीच लागते. व्हिकरच्या तोंडी आश्वासनाला कायद्याचे बळ नसते. आवारात जागा कमी उरली असेल, तर अर्ज फेटाळलाही जाऊ शकतो, म्हणून तो लवकर करावा.

अवशेष हलवण्याच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. ख्रिस्ती दफन हे कायमचे मानले जाते आणि अपवादात्मक परिस्थिती असल्याखेरीज परवानगी मिळत नाही, असे ब्लॅग्डन दफनभूमीच्या खटल्यात कोर्ट ऑफ आर्चेसने 2002 मध्ये ठरवले. त्या खटल्यात आईवडिलांना मुलाचे अवशेष आपल्या घराजवळच्या कौटुंबिक कबरीत न्यायचे होते आणि न्यायालयाने ते मान्य केले. पण सर्वसाधारणपणे उत्तर नकारार्थीच असते. पुढे मन बदलले एवढे कारण पुरत नाही. म्हणून नगरचा विचार खरोखर मनात असेल, तर सासूबाईंशी आणि मुलांशी आत्ताच मोकळेपणाने बोला आणि शेजारच्या जागेचा अर्ज त्यानंतरच भरा.