ऊर्जा दहा टक्केच वर जाते, मग डीडीटी वाढतं कसं?

बारावी_सायन्स: पुस्तकातल्या अन्नसाखळीच्या आकृतीत डीडीटी (कीटकनाशक) असं आहे: पाण्यात ०.००३ पीपीबी (अब्जात भाग), प्राणिप्लवकांत (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांत) ०.०४ पीपीएम (दशलक्षात भाग, म्हणजे किलोमागे मिलिग्रॅम), छोट्या माशांत ०.५, मोठ्यांत २, मासेखाऊ पक्ष्यांत २५. ऊर्जा दर पायरीला दहा टक्केच वर जाते, मग विषही तेवढंच जायला हवं ना? आणि उत्तरात गिधाडांचं उदाहरण चालेल का?

खाडीकाठ: आमटी आटली की खारट होते; मीठ तेवढंच, पाणी उडालं. नव्वद टक्के अन्न श्वसनात जळून कार्बन डायऑक्साइड होऊन जातं, डीडीटी जळत नाही. ढोबळ हिशोब करा: १ किलो मासा व्हायला १० किलो प्लवक लागतात, किलोमागे ०.०४ मिलिग्रॅम, म्हणजे माशात ०.४ पीपीएम. आकृतीतल्या ०.५ च्या जवळच. वाढते ती तीव्रता. डीडीटीची एकूण मात्रा वर जाताना वाढत नाही, हे वाक्य बहुतेकांच्या उत्तरात नसतं.

तराजू: एककं नीट बघा, पहिला आकडा पीपीबीत आहे. ०.०४ पीपीएम म्हणजे ४० पीपीबी, म्हणजे पहिली उडीच सुमारे १३,३०० पट! पुढच्या तिन्ही पायऱ्या मिळून फक्त ६२५ पट (१२.५ × ४ × १२.५). पहिली उडी मुख्यतः खाण्यातून नाही: डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून थेट प्लवकांच्या चरबीत शिरतं. मधली उडी ४ पटच, कारण गिळलेलं सगळं आतड्यातून शोषलं जात नाही आणि थोडं कल्ल्यांवाटे पाण्यात परत जातं. पक्ष्याला ती वाट नाही, शिवाय उष्ण रक्तामुळे वजनाच्या मानाने तो खातोही जास्त.

मोरी_मसाला: पण सगळी विषं चरबीत बसतात असं लिहू नका. मिथिलमर्क्युरी (पाऱ्याचं संयुग) स्नायूंतल्या प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतं. कातडी-चरबी काढली तर डीडीटी कमी होतं, पारा नाही. शिजवूनही जात नाही. उलट पाणी उडून किलोमागचा आकडा जरा चढतोच. अमेरिकेच्या एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) माशांतल्या पाऱ्याच्या यादीत शार्कची (आपली मोरी) सरासरी ०.९७९ पीपीएम, सार्डिनची (तारलीच्या गोतातली) ०.०१३. आकडे तिकडच्या बाजारातले आहेत, इथले म्हणून खपवू नका. शिसं मात्र पाण्यातल्या साखळीत सहसा असं चढत नाही.

खाडीकाठ: गिधाडं नकोत, तिथे हमखास गुण जातात. डायक्लोफेनॅक (वेदनाशामक औषध) दिल्यावर लगेच मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होऊन ते काही दिवसांतच मरतं. औषध साखळीत पायरीपायरीने चढत नाही, त्या एका जेवणातच घात होतो. (जनावरांसाठीच्या वापरावर भारतात २००६ मध्ये बंदी आली.) त्याऐवजी बहिरी ससाणा लिहा: डीडीटीपासून बनणारं डीडीई अंड्याच्या कवचाकडे जाणारं कॅल्शियम अडवतं, कवच पातळ होतं आणि उबवताना अंडं फुटतं.