मदत हवी आहे: जुन्या फ्लॅश फाइल्स चालत नाहीयेत
मंडळी, शाळेच्या जुन्या सीडीत विज्ञानाची अ‍ॅनिमेशन्स आहेत, सगळ्या एसडब्ल्यूएफ (म्हणजे फ्लॅशच्या) फाइल्स, क्रोममध्ये टाकल्या की उघडायच्या ऐवजी डाउनलोडच होतात. अडोबीने २०२० च्या शेवटी फ्लॅश बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरमध्ये कंटेंट चालणंच अडवलं ते माहितीये, म्हणून रफल हे फ्लॅश फाइल्स चालवणारं ब्राउझर एक्स्टेंशन टाकलं, त्याला लोकल फाइल्सची परवानगीपण दिली. हृदयाचं झकास चाललं, झडपा उघडतायत मिटतायत, पण सर्किटवाल्यात बटणं दिसतात नि दाबली की ढिम्म. ते अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ (फ्लॅशच्या प्रोग्रॅमिंग भाषेची तिसरी आवृत्ती) मधलं असेल म्हणून का, आणि ते ओळखायचं कसं? ब्राउझर सोडून जुना फ्लॅश प्रोजेक्टर (ब्राउझरशिवाय चालणारा फ्लॅश प्लेयर) वापरून कुणी असलं चालवलंय का? आणि प्लीज "यूट्यूबवर दाखवा" नको, तिथे पोरांना स्विच दाबता येत नाही ना.