फ्रान्सच्या खेड्यात बंगाली अक्षरांची कबर, कोण हा इंद्रलाल रॉय?

सायकलवाली
नमस्कार मंडळी. मी सध्या कामासाठी फ्रान्समध्ये लीलला आहे, रविवारी इथे चिटपाखरू नसतं रस्त्यावर म्हणून सायकल काढून भटकत असते. परवा कार्व्हँच्या बाजूला एस्तव्हेल नावाचं एक पिटुकलं गाव लागलं, तोंडावर पाणी मारायला नळ शोधत तिथल्या दफनभूमीत शिरले (फुलझाडांसाठी नळ असतोच तिथे) आणि एका थडग्यावर फ्रेंचसोबत चक्क बंगाली! आधी मला देवनागरीच वाटलं, जवळ गेल्यावर कळलं. अक्षरांवर शेवाळ होतं म्हणून रुमाल ओला करून पुसलं तरी मला काय बंगाली येतंय डोंबल. नाव इंद्रलाल रॉय आणि जुलै १९१८ एवढं समजलं. लहान मुलगा असावा वयावरून. कोणाला काही माहिती आहे का? पहिल्या महायुद्धात आपले लोक होते ते शिपाई म्हणून, पण हा वैमानिक दिसतोय म्हणून विचारतेय. फोटो अपलोड होत नाहीये, नंतर बघते.

जुनाट_काका
ताई, तुम्ही कुठे जाऊन पोचलात कल्पना आहे का! हा भारताचा पहिला एस. पाच किंवा जास्त विमानं पाडली की एस म्हणायचे, याने दहा पाडली आणि तीही तेरा-चौदा दिवसांत. ६ जुलैला पहिलं, ८ जुलैला एका दिवसात तीन, मग १३ ला दोन, १५ ला दोन, १८ ला एक आणि १९ ला शेवटचं. २२ जुलै १९१८ ला कार्व्हँवर जर्मन फॉकर डी-सात विमानांशी झुंजताना गेला. जन्म २ डिसेंबर १८९८ कलकत्त्याचा, म्हणजे वय पुरतं वीसही नाही. घरात सगळे लॅडी म्हणायचे.

घर मात्र सुखवस्तू, वडील बॅरिस्टर, लहानपणीच लंडनला आलेला, शाळा सेंट पॉल्स. आई ललिता रॉय, १९११ साली लंडनमध्ये बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी जो प्रचंड मोर्चा निघाला त्यात साड्या नेसून चाललेल्या हिंदी बायकांच्या फोटोत ती आहे, मला त्या फोटोचं भारी कौतुक आहे. असो. पोराला विमानदलात जायचं होतं तर डोळे कमजोर म्हणून परत पाठवला, मग पठ्ठ्याने स्वतःची मोटरसायकल विकली आणि त्या पैशातून डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरकडून दुसरं मत आणलं आणि आत घुसला. आपल्याकडे मेडिकलला उडालेली पोरं काय काय खटपटी करतात ते आठवलं.

आणि खरी कमाल पुढे आहे, डिसेंबर १९१७ मध्ये ५६ स्क्वाड्रनला (स्क्वाड्रन म्हणजे विमानांची तुकडी) असताना त्याचं विमान कोसळलं, मेला समजून मुडद्यांच्या खोलीत ठेवला, आणि शुद्ध आल्यावर त्याने आतून दार बडवलं असं सांगतात. बाहेरच्या माणसाची काय अवस्था झाली असेल विचार करा! मग विमान उडवायला अनफिट ठरवून जमिनीवर सामानसुमानाच्या कामाला लावला, तेव्हा विमानांची चित्रं काढत बसायचा, त्यातली काही अजून जपलेली आहेत. साहेबांच्या मागे लागून लागून शेवटी फिट करून घेतलं आणि जून १९१८ मध्ये ४० स्क्वाड्रनला गेला.

परखड
माहिती चांगली आहे काका पण मला एक कळत नाही, इंग्रजांच्या लढाईत इंग्रजांसाठी मेला, आपण का एवढे भारावून जायचं? ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांच्या राजासाठी? चिडू नका, मनापासून विचारतोय.

एरंडेल
परखडराव तुमच्या प्रश्नाकडे येतो, आधी थोडं विमानाबद्दल कारण तो माझा किडा आहे. त्या काळच्या विमानांत सगळे पायलट एरंडेल तेलाचे फवारे तोंडावर घेत उडायचे असं सर्रास लिहिलेलं असतं, ते कॅमलसारख्या विमानांतल्या रोटरी इंजिनांचं, तिथे अख्खं इंजिनच फिरायचं आणि जळकं एरंडेल पायलटच्या नाकातोंडात, पोटाचं पुढे काय व्हायचं ते सांगायला नको. इंद्रलालकडे होतं एस-ई-पाच-ए, त्याला पाण्याने थंड होणारं व्ही-आठ इंजिन, त्यामुळे या पोराची एरंडेलातून सुटका होती. पण बंदुकीचा व्याप होता. एक मशीनगन नाकावर आणि दुसरी ल्युईस वरच्या पंखावर, तिचं गोल मॅगझिन ९७ गोळ्यांचं, संपलं की विमान चालवायचा दांडा गुडघ्यात दाबून धरायचा, बंदूक वाकड्या रुळावरून मागे खाली ओढायची, वाऱ्यात हात वर करून जुनी चकती काढून नवी बसवायची, आणि हे सगळं कोणीतरी मागून गोळ्या घालत असताना. पॅराशूट ब्रिटिश पायलटना नव्हतंच. त्याचे एकूण उड्डाणाचे तास १७० च्या आसपास, त्यात दहा विमानं.

त्याचा फ्लाइट कमांडर जॉर्ज मॅकेलरॉय, डब्लिनचा आयरिश. यानेच त्याला तयार केला. म्हणजे आयरिश गुरू, बंगाली चेला आणि राजा इंग्रजांचा, काय योग बघा. इंद्रलाल गेल्यावर नऊ दिवसांनी, ३१ जुलैला मॅकेलरॉयही गेला.

आता राजासाठी का. १९१८ सालात बसून बघा की. हिंदी माणसाला सैन्यात अधिकारी करायचंच नाही असा खाक्या होता, शिपाई व्हा, मरा, पण गोऱ्याला हुकूम द्यायचा नाही. याच जूनमध्ये मुंबईत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डनने युद्ध परिषद भरवली, टिळकांना धड बोलू दिलं नाही, ते उठून चालते झाले. टिळकांचं म्हणणं सरळ होतं, माणसं हवीत तर आमच्या पोरांना कमिशन म्हणजे अधिकारीपद द्या. त्या अटीवर माणसं भरती करून देतो म्हणून गांधींकडे पन्नास हजारांचा चेक पाठवला होता लोकमान्यांनी. आणि नेमक्या त्याच दिवसांत तिकडे एकोणीस वर्षांचा कमिशन मिळालेला हिंदी अधिकारी जर्मन विमानं पाडत होता. राजासाठी होता की स्वतःला उडायचं होतं म्हणून, मला तरी दुसरंच जास्त वाटतं, मोटरसायकल कोणी राजासाठी विकत नाही.

परखड
टिळकांच्या चेकचं माहीत नव्हतं. मुद्दा घेतला, अर्धा. लुटीचं मात्र मागे घेत नाही हां :)

जुनाट_काका
नका घेऊ, बरोबरच आहे ते. सप्टेंबरमध्ये डीएफसी हे विमानदलाचं शौर्यपदक जाहीर झालं, ते मिळवणारा पहिला हिंदी, पण घ्यायला होता कुठे.

ताई, तुम्हाला अजून एक काम देतो. त्या युद्धात पश्चिम आघाडीवर उडालेले मोजके चार हिंदी पायलट. हरदितसिंग मलिक, पगडीवर मोठं हेल्मेट चढवून उडायचे, जखमी होऊनही वाचले आणि स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले. एरोल चंदर सेन जर्मनांच्या कैदेत पडला. तिसरा इंद्रलाल. आणि चौथा आपला मुंबईचा, श्रीकृष्ण वेलिणकर! केंब्रिजला शिकलेला, २३ स्क्वाड्रनला डॉल्फिन विमान उडवायचा. २७ जून १९१८ ला गेलेला परतलाच नाही, जर्मनांच्या ताब्यात ३० जूनला जखमांनी गेला. त्यांनी नाव भलतंच लिहून पुरला होता, युद्धानंतर शोधाशोध करून ओळख पटवली. कबर अमियाँजवळ हांगार गावात आहे. इंद्रलालचं नाव कलकत्त्यात रस्त्याला आहे, तिकिटावर आहे, वेलिणकरचं मुंबईत कोणाला विचारा, त्याच आडनावाच्या कॉलेजचा पत्ता सांगतील. जमलं तर जाऊन या.

सायकलवाली
बापरे, एवढं सगळं! काका, एरंडेल, खूप थँक्यू. हांगार बघितलं मॅपवर, अमियाँपर्यंत ट्रेन आणि पुढे सायकल, पुढच्या रविवारी जमेल.

आणि ते बंगाली कळलं एकदाचं. ऑफिसात एक बोर्धमानची मुलगी आहे तिला फोटो दाखवला, तिने तिथेच कॉफी खाली ठेवून वाचला. महावीराची समाधी आहे, मान राखा, हात लावू नका, असं लिहिलंय. आणि मी बाई ओल्या रुमालाने खसाखसा पुसून आले.